पान १४, ओळ ११: एका वाइन त्रैमासिकातल्या चुकीचं प्रकरण

चूक एका शब्दाची होती आणि तो शब्द मी बदलला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोण कोणाला पाठीशी घालतंय हे शोधत बसायला नको.

बेळगावातून निघणारं हे मराठी त्रैमासिक द्राक्ष, बेदाणा आणि वाइन या विषयांवर आहे, आणि महत्त्वाचा क्रमही तोच. माणसं चार: संपादक, उपसंपादक म्हणून मी, पानं लावणारा एक मुलगा आणि जाहिराती आणणारे काका. वर्गणीदार अथणी, कागवाड, तिकोटा, इंडी इथले, आणि हद्दीपलीकडे जत, मिरज, कवठेमहांकाळचे. या पट्ट्यात बहुतेक बागा थॉमसन, तास-ए-गणेश, माणिक चमन अशा जातींच्या. माल शेडमधल्या रॅकवर पंधराएक दिवस वाळतो आणि सांगली-तासगावच्या सौद्याला जातो. वाइनची द्राक्षं करणारे थोडे. महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं, कर्नाटकाचं २००७ चं. त्यानंतर कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लाँ लावून बघणारे पुढे आले. काहींनी दर बघून वेल उपटूनही टाकले. जे टिकले त्यांच्यासाठी आम्ही दर अंकात आठ पानं राखून ठेवतो.

मुखपृष्ठावर आजवर पेला छापलेला नाही. घड असतो, फार तर स्टीलची टाकी. पोस्टमननं अंक दारात टाकला की घरातल्या आजींनी ‘हे काय आणि आता घरात?’ म्हणू नये, एवढाच हेतू.

पैशाचंही सांगायला हवं, कारण प्रकरणात ते आहे. वृत्तपत्र परिषदेच्या संकेतांत मद्याच्या जाहिरातीला जागा नाही, तेव्हा बाटलीची जाहिरात आम्ही घेत नाही. मग उरतात कोण? रस आंबवणारं यीस्ट विकणारे, एन्झाइम विकणारे, टाक्या बनवणारे, बेदाण्याचे घड बुडवायच्या डिपिंग ऑईलवाले, मणी फुगवायच्या जीएवाले, आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, म्हणजे केएमएसचे वितरक. ज्या मालाबद्दल आम्ही सल्ला छापतो तो माल विकणारेच आमचं कागदाचं बिल भरतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या द्राक्ष बागायतदारांसाठी एक पत्र १९१९ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच जानेवारीत देशभर दारूबंदी लागू झाली. पुढे तेच वाइन उद्योगाचं मोठं मासिक झालं. तिकडे सुरुवातीची वर्षं कोणाच्या जाहिरातींवर निघाली असतील याचा विचार मी अनेकदा करते.

पाच नावं

आतल्या पहिल्या पानावर ‘तज्ज्ञ सल्लागार मंडळ’ म्हणून पाच नावं छापलेली असतात. एक निवृत्त उद्यानविद्या प्राध्यापक, एक माती-पाणी तपासणारे, एक सनदी लेखापाल, एक महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी, आणि नाशिककडे बरीच वर्षं वाइन बनवलेले एक सल्लागार. त्यांना मी पुढे ‘वाइनवाले सर’ म्हणेन. शुल्कवाल्या साहेबांना हद्दीच्या अलीकडचे नियम ठाऊक नाहीत आणि आमचे निम्म्याहून जास्त वाचक अलीकडचे, हे त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. तरी नाव राहिलं. लग्नपत्रिकेत खाली निमंत्रकांची रांग असते ना, तशी ही यादी. कोण खरंच वाढायला उभा राहणार आहे ते पत्रिका छापणाऱ्याला ठाऊक असतं.

आमच्याकडे उभे राहायचे ते वाइनवाले सर. बाकीची माहिती आम्ही मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, बागलकोटचं उद्यानविद्या विद्यापीठ अशा ठिकाणच्या पत्रकांवरून घेतो. पण टाकीत रस पडल्यावर रात्री काय करायचं हे पत्रकात मिळत नाही. वाइनच्या जगात तज्ज्ञ ठरवायच्या परीक्षा आहेत. ‘मास्टर ऑफ वाइन’ची परीक्षा लंडनमध्ये १९५३ पासून होते आणि ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय सोनल हॉलंड, २०१६ मध्ये. आमच्या वाचकाला मात्र टाकीशेजारी खाट टाकून झोपलेला माणूस हवा असतो. सर तसे होते.

मानधन दर लेखाला ठरलेलं, बेताचं. ते आणखी कोणाकोणाला सल्ला देतात हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. लेख झाला की ते इंग्रजीत पाठवायचे. मराठी उत्तम बोलतात, पण या धंद्याचे शब्द इंग्रजीतच बसलेत म्हणायचे. मी मराठी करायचे, संपादक नजर घालायचे, पान छापायला जायचं. छापण्याआधी लावलेलं पान सरांना दाखवायची पद्धत नव्हती. कोणी नको म्हटलं नव्हतं. कोणी सुरूच केली नव्हती.

काय घडलं

फेब्रुवारी २०२४ च्या अंकात ‘रस काढताना गंधक किती?’ असा त्यांचा लेख होता, पान १४ वर. मूळ वाक्य असं होतं: चांगल्या, न फुटलेल्या मण्यांसाठी रस काढताना पन्नास पीपीएम सल्फर डायऑक्साइड. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, आणि सल्फर डायऑक्साइड म्हणजे रस बिघडवणारे जंतू रोखणारा गंधकाचा वायू. खाली एक छोटा तक्ता होता: वाइनचा पीएच वाढला, म्हणजे आंबटपणा उतरला, तर पुढे मुक्त, म्हणजे कशाशी न जोडलेला, सल्फर डायऑक्साइड किती राखावा लागतो त्याचा.

आता ‘सल्फर’ हा शब्द आमच्या पट्ट्यात कसा वापरतात ते बघा. भुरीवर मारायचं ते पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं सल्फर. सोनेरी बेदाण्यासाठी शेडमध्ये धुरी देतात ते गंधक. सरबत टिकवायला घालतात ती पांढरी पूड म्हणजे केएमएस. बोलताना तिघांनाही लोक ‘सल्फर’ म्हणून मोकळे होतात. माझं माहेर बेदाण्याचं. भाषांतर करताना मी विचार केला, शेतकरी टाकीत वायू तर सोडणार नाही, घालणार पूडच. तेव्हा त्याला कळेल असं लिहावं. म्हणून ‘सल्फर डायऑक्साइड’ खोडून ‘केएमएस’ केलं. पन्नास तसाच राहिला.

हिशेब असा आहे. केएमएसच्या वजनापैकी सुमारे ५७.६ टक्के सल्फर डायऑक्साइड. हजार लिटरला पन्नास पीपीएम सल्फर डायऑक्साइड हवा तर पूड लागते ८७ ग्रॅम. पन्नास ग्रॅम घातली तर मिळतो २९ पीपीएमच्या आत, तोही पूड ताजी असेल तर. पावसाळ्यात दमट खोलीत उघडी राहिलेली पिशवी त्याहून कमी देते. म्हणजे माझ्या एका सोप्या केलेल्या शब्दानं मात्रा जवळपास निम्मी झाली.

तक्त्याचं वेगळंच झालं. पान छापायला जायच्या आदल्या दिवशी काका अर्ध्या पानाची जाहिरात घेऊन आले. सीमाभागातल्या एका वितरकाची, केएमएस आणि यीस्टची. लेखाखाली जागा फक्त तक्त्याची होती. मुलानं विचारलं, ‘ताई, हा बॉक्स काढू?’ संपादक शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली, मी मान हलवली. तक्ता ‘पुढच्या अंकात’ गेला.

तो तक्ता इथे देते, कारण प्रकरणाचं मर्म तिथे आहे. जंतूंना रोखायचं काम करतो तो सल्फर डायऑक्साइडचा एक अगदी लहान भाग, आणि तो किती असेल हे पीएचवर ठरतं. हा लहान भाग म्हणजे रेणूरूपातला; तो लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम हवा असेल तर पीएच ३.२ ला लिटरमागे मुक्त सल्फर डायऑक्साइड २० मिलिग्रॅम पुरतो, ३.५ ला ४० लागतो, आणि ३.८ ला ७९. पॉइंट सहानं पीएच चढला की गरज जवळपास चौपट. थंड हवेतल्या बागेवरून लिहिलेलं पुस्तक आमच्या उन्हात वाचायचं असेल तर हा तक्ता लागतोच. मार्चच्या उन्हात मण्यातलं मॅलिक आम्ल जळून जातं, गोडी चढते, आणि पीएचही चढत जातो.

टाकी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अथणीकडून फोन आला. परवाना असलेली छोटी वायनरी, बाप-लेक आणि तीन कामगार. गाव सांगत नाही. लेक बोलत होता. आवाज चढलेला नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली. म्हणाला, ‘ताई, तुमच्या पानावर लिवलंय तेवढंच घातलं बघा. टाकी आंबली.’

संपादक आणि मी दुसऱ्या दिवशी गेलो. शिराझची हजार लिटरची टाकी. झाकण उघडल्यावर आधी नेलपॉलिशसारखा वास आला, मग शिरक्याचा. वर चार बोटं जागा रिकामी होती आणि झाकणाच्या कडेला चिलटं. टाकीच्या अंगावर खडूनं मोठा ‘५०’ लिहिलेला. तो टाकीवर काम करणाऱ्या कामगारानं लिहिला होता. तो इंडीकडचा, मराठी समजणारा पण वाचायचं कानडी. लेकानं अंक समोर धरून त्याला तोंडी आकडा सांगितला, त्यानं तोलून पूड घातली, विसरू नये म्हणून खडूनं लिहून ठेवला. सगळ्या साखळीत एकट्या त्याचं काम बिनचूक होतं.

लेकानं प्रयोगशाळेचा कागद दाखवला. पीएच ३.८. उडणारं आम्ल, म्हणजे मुख्यतः शिरक्याचं, लिटरमागे १.२ ग्रॅमच्या पुढे. युरोपात रेड वाइनला साधारण तिथेच रेघ मारलेली आहे. संपादकांनी कागद दोनदा वाचला आणि खिशात हात घालून उभे राहिले. म्हाताऱ्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, ताक दिलं आणि म्हणाले, ‘होगली बिड्री.’ जाऊ द्या हो. त्या दोन शब्दांनी मला जेवढं टोचलं तेवढं पुढच्या कुठल्याही फोननं टोचलं नाही.

तिथूनच सरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: ‘रस काढला तेव्हा पीएच बघितला होता का?’ नव्हता बघितला. दुसरा: ‘टाकी थंड होती?’ मध्ये एक रात्र वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलेलं, चिलर बंद पडला. तिसरा: ‘वर जागा का सोडली?’ दुसरी लहान टाकी नव्हती. सर थोडं थांबून म्हणाले, एकट्या मात्रेनं टाकी गेली असं मी म्हणणार नाही. पण मात्रा बरोबर असती आणि तक्ता समोर असता तर हा माणूस पीएच मोजायला गेला असता. मग म्हणाले, ‘पान पाठवा मला.’ तो अंक त्यांच्याकडे पोचला होता, पण स्वतःचा लेख कोण पुन्हा वाचतो? दहा मिनिटांनी त्यांचा निरोप आला. एवढाच: ‘ओळ ११. हे मी लिहिलेलं नाही.’

चार वाटा

पुढचे सहा दिवस आमच्या खोलीत जे चाललं ते मी थोडक्यात आटोपणार नाही.

संपादकांची पहिली इच्छा होती की पुढच्या अंकात, मे महिन्यात, एक ओळ द्यावी. त्यांनी लिहिलेली ओळ अशी: ‘मागील अंकातील पान १४ वरील लेखात काही तांत्रिक त्रुटी राहून गेल्या, त्याबद्दल दिलगीर आहोत.’ या वाक्यात आकडा नाही, शब्द नाही, चूक कोणाची ते नाही. वाचून कोणाला काही दुरुस्त करता येत नाही. ‘राहून गेल्या’ म्हटलं की त्रुटी जणू स्वतःच मागे थांबल्या. मी तसं म्हटलं तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, छापील चुकीचं असंच लिहायची पद्धत आहे.’ पद्धत आहे हे खरंच.

दुसरी वाट काकांनी आणली. वितरकाच्या कानावर गोष्ट गेली होती. त्यांचा निरोप आला: वायनरीला पंचवीस किलोची पिशवी फुकट देतो, विषय मिटवून टाका. काकांना ती सज्जनपणाची गोष्ट वाटली, आणि वितरकाचा हेतू वाईट होता असं मलाही वाटत नाही. पण पान १४ च्या खालच्या अर्ध्या भागातली जाहिरात त्याचीच होती. त्या पिशवीसोबत वायनरीत काय बातमी गेली असती ते सांगायला नको. संपादकांनी याला मात्र एका शब्दात नकार दिला. तेव्हा मला त्यांचा आदर वाटला.

तिसरी वाट सरांची. त्यांना मंडळातून नाव काढून हवं होतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं: लेखाखाली त्यांचं नाव, पुढच्या हंगामात नाशिककडून कोणी तो अंक पुढे केला तर पत त्यांची जाणार. कायद्यानं बघाल तर जबाबदार संपादक. अंक छापला तेव्हा १८६७ चा छापखान्यांचा कायदा होता, तक्रार आली तोवर २०२३ चा नवा कायदा १ मार्चपासून लागू झालेला. प्रत्येक अंकावर संपादकाचं नाव छापतात ते उगाच नाही. पण अथणीचा वाचक शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ वाचत नाही. तो लेखावरचं नाव आणि फोटो बघतो. दोष एकाच्या नावावर, भरवसा दुसऱ्याच्या नावावर, आणि खोडरबर तिसरीच्या हातात.

याच वेळी संपादकांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरांना तो प्रश्न विचारला: तुम्ही केएमएस किंवा यीस्ट विकणाऱ्या कोणाचे सल्लागार आहात का? सरांनी लपवलं नाही. एका यीस्ट आयातदाराकडून त्यांना वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. पान १४ शी त्याचा संबंध नव्हता. पण त्याआधीच्या वर्षभरात यीस्टवर दोन लेख आले होते. मी ते काढून वाचले. एकात एका जातीच्या यीस्टची शिफारस होती. चुकीची नव्हती. फक्त वाचकाला ही गोष्ट माहीत नव्हती.

चौथी वाट म्हणजे मेच्या अंकाची वाट न बघता सगळ्या वर्गणीदारांना पोस्टानं चिठ्ठी पाठवणं. मला तीच हवी होती, आणि टाकी गेलेल्या लेकालाही. त्याचं म्हणणं साधं होतं: अजून कोणाची टाकी भरलेली असेल तर? खर्च काढला तर एका अंकाच्या पोस्टेजएवढा. संपादक दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले, ‘लिही.’

मी लिहिलं: ‘फेब्रुवारी अंक, पान १४, ओळ ११. छापलं ते: ५० पीपीएम केएमएस. हवं ते: ५० पीपीएम सल्फर डायऑक्साइड, म्हणजे हजार लिटरला ८७ ग्रॅम केएमएस. लेखकाचा मजकूर बरोबर होता, भाषांतरात आम्ही चूक केली. लेखासोबतचा तक्ता जाहिरातीसाठी काढला होता, तो खाली देत आहोत.’ जाहिरातीचा उल्लेख संपादकांनी एकदा खोडला आणि संध्याकाळी स्वतःच परत लिहिला.

मग निघाला कानडीचा प्रश्न. टाकीवर पूड घालणारा माणूस कानडी वाचतो, तर चिठ्ठी त्याला कळायला हवी. बेळगावात मराठी त्रैमासिकानं कानडी मजकूर छापणं ही साधी गोष्ट नाही. छापला तर आपले विचारतात, नाही छापला तर दुसरे. संपादकांची उमर मराठी पाट्यांच्या भांडणात गेलेली. ते म्हणाले, ‘आकड्यांना भाषा नसते, तक्ता तेवढा कानडीत दे.’ चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तक्ता आणि दोन ओळी कानडीत आल्या. दोन फोन आले. एकानं विचारलं हे कधीपासून. दुसऱ्यानं विचारलं, आख्खं पानच का नाही करत.

त्यानंतर

टाकीतली वाइन बाटलीत गेली नाही. ती कुठेही हलवायची तर उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते. त्या कागदांत त्यांचे दोन महिने गेले. आम्ही नुकसानीची रक्कम दिली नाही, तेवढी ऐपतच नव्हती. पाच वर्षांची वर्गणी देऊ केली तर म्हातारे हसले.

सरांचं नाव मंडळात राहिलं, त्यांच्या दोन अटींवर. लावलेलं पान त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचं नाही. आणि ते कोणाकडून पैसे घेतात हे लेखाखाली छापायचं. दुसरी अट त्यांनीच घातली हे मी मुद्दाम नोंदवते. मंडळातली बाकीची चार नावं संपादकांनी चौघांना फोन करून तपासली. अंक वाचता का, पान पाठवलं तर दोन दिवसांत बघाल का? शुल्कवाले साहेब म्हणाले, मला मोकळं करा. लेखापाल हो म्हणाले आणि अजून एकदाही पान परत आलेलं नाही. आता चार नावं छापतो. पान जरा रिकामं दिसतं, मुलगा तिथे घडाचं चित्र टाकतो.

यीस्ट आयातदाराची ओळ पहिल्यांदा छापली त्या अंकात काकांच्या हातची एक जाहिरात गेली. वितरकाची मात्र राहिली, आता ती सल्ल्याच्या पानाला लागून येत नाही.

पुढच्या हंगामात, मार्चमध्ये, मी एकटीच अथणीला गेले. टाकीच्या अंगावर आमची चिठ्ठी सेलोटेपनं चिकटवलेली होती, कानडी बाजू बाहेर. कडा पिवळ्या पडलेल्या. इंडीकडचा तो माणूस पीएच मीटर हातात घेऊन आला, तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘ताई, हितं तीन पॉइंट आठपर्यंतच हाय. आमचं तीन पॉइंट नऊ दाखवतंय. फुडचा आकडा कुठाय?’

मी तिथूनच सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सर म्हणाले, ‘आकडा नंतर. आधी टार्टारिक आम्ल घालून पीएच खाली आण म्हणावं, मग गंधकाचं बोलू.’ तो माणूस लेकाकडे बघून काहीतरी कानडीत बोलला आणि तराजू आणायला गेला.